दवाखान्याची चप्पल

आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, नाताळ अंकासाठी परोपकारावर चार पानं लिहा, असं आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं. मी म्हणालो, "साहेब, परोपकारावर तुम्ही दर रविवारी बोलता. मला फक्त चपला माहीत आहेत." ते म्हणाले, "मग चपलांवर लिहा." आता लिहायला बसल्यावर लक्षात येतंय, की माझ्याकडे सांगण्यासारखी जी गोष्ट आहे ती परोपकाराचीच आहे. फक्त तो अंगाशी कसा आला, याची आहे.

परभणी जिल्ह्यातल्या मिशनच्या एका लहान दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं चपला बनवल्या. पगाराच्या कागदावर माझं पद 'पादत्राण तंत्रज्ञ' असं होतं. घरात कुणालाच ते धड उच्चारता येत नसे, आणि बायको तर मुद्दाम चुकीचं म्हणायची. वडील स्टँडजवळ चपला शिवायचे. मला दहावीपर्यंत शिकवलं ते मी रापी-आरी धरू नये म्हणून. शेवटी मी तीच धरली, फक्त वर पत्र्याऐवजी स्लॅब होता आणि महिन्याला पगार होता. वडील म्हणायचे, "पोरगं शिकलं अन् पक्क्या छताखाली चांभारकी करायला लागलं."

दवाखाना कुष्ठरोगाचा. गावाकडे त्याला रगतपितीचा दवाखाना म्हणत आणि बसथांब्यालाही तेच नाव पडलं होतं. त्यामुळे आमचे पेशंट एक थांबा आधी उतरून चालत यायचे. पायाला जखम असलेली माणसं दीड किलोमीटर चालत यायची, का तर त्या थांब्यावर उतरताना कुणी ओळखीचं बघू नये. मी हे रोज बघत होतो. तरी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली.

बाहेरच्यांना या रोगाबद्दल एक गोष्ट माहीत नसते. औषध वेळेवर घेतलं की रोग पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झालं की तो दुसऱ्याला लागतही नाही. पण तोवर तळपायाच्या नसा मेलेल्या असतील तर त्या परत येत नाहीत. पायाला काही कळतच नाही. बाभळीचा काटा रुतला तरी माणूस दिवसभर त्याच काट्यावर चालतो. संध्याकाळी बायको सांगते की अहो, अंगणात रक्ताचे ठसे कशाचे? मग जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोटं किंवा पाय कापावा लागतो. म्हणजे पाय रोगानं जात नाही, काट्याखड्यानं जातो. त्याला आडवी येते ती चप्पल.

ही चप्पल साधी नसते. आतला थर मऊ रबराचा, अंगठ्यानं दाबला तर निम्मा दबणारा. खालचा थर कडक, काटा न शिरणारा. चुका म्हणजे खिळे अजिबात मारायचे नाहीत, कारण खिळा वर आला तरी घालणाऱ्याला कळणार नाही. सगळं सोल्युशननं चिकटवायचं आणि दोऱ्यानं शिवायचं. टाचेमागे पट्टा पाहिजेच, नाहीतर चप्पल पायातून निसटते आणि माणूस एक पाय अनवाणी घेऊन तसाच चालत राहतो. माप घ्यायचं म्हणजे कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची, आणि मग तळव्यावरून हात फिरवून कुठे दाब पडतो ते बघायचं. पेशंट पाय मागे ओढून घ्यायचे. "नका साहेब, घान हाय," म्हणायचे. चपला शिवणाऱ्याला आयुष्यात साहेब म्हणणारी एवढीच माणसं मला भेटली.

शुभशुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असतो, येशूनं बारा शिष्यांचे धुतले होते म्हणून. बारा जण रांगेत बसतात आणि पाळकसाहेब गुडघे टेकून पाय धुतात. ते बाराही जण घरून साबण लावून येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मनातल्या मनात हसायचो आणि स्वतःला जरा वरचढ समजायचो. हा गर्व आधीच सांगून टाकतो, पुढे कामाला येईल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. देवगाव फाट्याकडचे एक आजोबा सहा महिन्यांनी आले तेव्हा पायाला नवी जखम, आणि पिशवीत चप्पल जशीच्या तशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "येवढी भारी चप्पल, चिखलात कशी घालावं? लग्नाकार्याला ठिवली." मी कपाळावर हात मारला. दुसरे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी बजावलं की चप्पल नको, बूट पाहिजे, लेसचा, पॉलिश होणारा. "माझे विद्यार्थी रस्त्यात पाया पडतात हो. खाली वाकल्यावर त्यांना काय दिसावं?" त्यांना मी महिनाभर खपून बूट करून दिला आणि दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो की गुरुजी लई नखरेल. गुरुजी काय सांगत होते ते मला तेव्हा ऐकू आलंच नाही.

आमची चप्पल काळी होती. रबर काळं, पट्टे काळे, मागे बकल. बाजारात तसली चप्पल कुठेच मिळत नव्हती. जिल्ह्यात कुठेही ती पायात दिसली की लोक म्हणत, ही दवाखान्याची चप्पल.

गयाबाई झरीच्या. पंचेचाळिशीच्या असतील. घरची बऱ्यापैकी शेती, नवरा सरळ माणूस. रोग बरा होऊन दोन वर्षं झाली होती आणि तो झाला होता हे नवरा आणि गावातल्या आशा कार्यकर्तीशिवाय कुणाला माहीत नव्हतं, पोटच्या मुलीलाही नाही. गुडघ्याचं औषध आणायला परभणीला जाते, असं सांगून त्या यायच्या. डाव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाएवढी जखम होती. मी जोड करून दिला. दीड महिन्यानं आल्या तर जखम मोठी झालेली.

चप्पल खोटं बोलत नाही. मी जोड उलटा केला. तळाला धूळ नाही, टाचेला झीज नाही, आणि बकलात कडब्याची काडी अडकलेली.

"गयाबाई, ही कडब्यात लपवून ठेवता का?"

त्यांनी बकलातली काडी हळूच काढून घेतली.

"पाय जाईल बरं का. मग काय कराल?"

"पाय गेला तर येकटीचा जाईल, दादा," त्या म्हणाल्या. "ही चप्पल घातली तर छायाचं लगीन जाईल. चुडाव्याकडची सोयरीक जमायलीय. पोरगी उजवू द्या, मंग रातंदिस घालते."

मी त्यांना भरपूर सुनावलं. आम्ही रक्त आटवून चपला करतो आणि तुम्ही त्या कडब्यात टाकता, असं काहीतरी. त्या सगळं ऐकून घेऊन, पाय ओढत निघून गेल्या. पुढच्या तारखेला आल्याच नाहीत.

डिसेंबर होता. आमच्याकडे नाताळच्या आठवड्यात गाण्याची टोळी निघते. मंडळीतली माणसं जीपमधून गावोगाव जातात, ख्रिस्ती घरांसमोर गाणी म्हणतात, करंज्या-चकल्या खातात. त्या वर्षी मी सुचवलं की टोळी पेशंटांच्याही घरी नेऊ. तारीख चुकवणाऱ्यांना नवी चप्पल, एक चादर आणि फराळाचा डबा घरपोच देऊ. सगळ्यांना कल्पना फार आवडली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. मला त्या रात्री झोपच लागली नाही, इतका मी स्वतःवर खूष होतो.

जीपवर दोन्ही बाजूंना दवाखान्याचं नाव, फुटाफुटाच्या अक्षरांत. आत ढोलकी, पेटी, आणि आमच्यातले एक गृहस्थ लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तेही वाद्यासकट. झरीच्या पारावर मी उतरून मोठ्यानं विचारलं, "गयाबाईंचं घर कुठं?" दहा जणांनी वाट दाखवली आणि वीस जण मागून आले. अंगणात ट्रम्पेट वाजला. गयाबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातात काळी चप्पल ठेवली, फोटो काढायला लावला आणि म्हणालो, "बाई, आता रोज घालायची!" त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, लाजल्या.

जानेवारीत झरीच्या आशा कार्यकर्त्या कविताताई दवाखान्यात आल्या. स्वभावानं तिखट बाई. कामशाळेच्या दारातूनच म्हणाल्या, "मामा, तुमी शहाने की येडे?"

"का हो?"

"मी वर्षभर त्या बाईच्या गोळ्या पदराखाली नेऊन दिल्या. शेजारनीला कळू दिलं न्हाई. अन् तुमी बँड घेऊन आले! चुडाव्याच्या पावन्यानं सोयरीक मोडली. पानवठ्यावर बाया तिच्या घागरीपासून लांब सरकायल्यात. आता ती दवाखान्यात यायला तयार न्हाई. पाय बगू देत न्हाई."

दान करताना पुढे तुतारी वाजवू नका, हे बायबलातलं वचन मी रविवारच्या शाळेत आठ वर्षांचा असताना पाठ केलं होतं. बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती. आणि पन्नाशीत मी खरोखरची तुतारी घेऊन एका बाईच्या अंगणात गेलो. कविताताई गेल्यावर मी रापी खाली ठेवली आणि रडलो. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर सोल्युशनचा वास डोळ्यांत गेला म्हणालो.

पुढच्या आठवड्यात एसटीनं झरीला गेलो, एकटा, रिकाम्या हातानं. गयाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच माफी मागितली.

"तुमी चांगलंच कराया आलता, दादा," त्या म्हणाल्या. "वाईट कराया आलेल्याला मानूस दारातून हाकलून तरी देतंय. तुमाला कसं हाकलावं?"

"आता मी काय करू, ते सांगा. तुम्ही सांगाल ते करतो."

त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग त्या म्हणाल्या, "ती चप्पल मी येकटी कामून घालू? आदी गावात दुसऱ्या कुनाच्या तरी पायात दिसू द्या. मंग मी घालते."

मी परत येताना बसमध्ये चिडलोच होतो. हे कसं व्हायचं? दुसरं कोण घालणार दवाखान्याची चप्पल? पण ज्या बाईच्या मुलीचं लग्न आपण मोडलं तिनं एक गोष्ट मागितली आहे, आणि ती पैशांची नाही, चादरीची नाही, एवढं मनात बसलं होतं. तेवढ्यात समोरच्या सीटवरच्या एका जाड्या गृहस्थाची चप्पल पायातून निसटली आणि त्यांना ती निसटलेली कळलीच नाही. मी उचलून दिली. ते म्हणाले, "साखर हाय हो मला. पायाला काही समजतच न्हाई."

मधुमेहानं पाय बधिर होतात हे मला माहीत होतं. दवाखान्यातल्या तक्त्यावरच होतं. पण आपल्या डोक्यात गरीब पेशंट एका खणात आणि पैसेवाले दुसऱ्या खणात असतात ना, तसं माझं झालं होतं.

मी काळं रबर बंद केलं. तपकिरी रबर मागवलं. पुढचा पट्टा रुंद केला, बोटं झाकणारा, त्यावर बाजारच्या चपलेसारखी वेणी. मागचा पट्टा ठेवला पण बकल काढलं. पहिला जोड मी घातला, दुसरा डॉक्टरांना दिला. आणि सुट्टीच्या दिवशी, दवाखान्याचं नाव न घेता, झरीच्या आठवडी बाजारात लिंबाखाली बसायला लागलो. समोर पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा, शेजारी रबर आणि पुठ्ठ्यावर एक ओळ: साखर व गुडघेदुखीवाल्यांसाठी मऊ चप्पल.

पहिले दोन बाजार नुसत्या चौकशा झाल्या. "कोन्चे तुमी?" "ख्रिस्ती." "व्हय, पर आदी कोन्चे?" हा प्रश्न आमच्या तीन पिढ्यांना चुकलेला नाही. तिसऱ्या बाजारी सरपंचांची आई आली. द्रौपदाबाई, गावची पाटलीण. सत्तरीच्या, सगळ्या गावाला धाक, आणि साखर इतकी की तापल्या फरशीवर पाय भाजून फोड आला तरी सुनेनं सांगितल्यावर कळलेलं. खुर्चीवर बसून त्यांनी पाय पुढे केला आणि मी माप घेतलं.

"खामखा पैशे तर न्हाई ना घ्यायला?"

"घालून बघा. नाही आवडली तर परत."

पुढच्या बाजारी त्या अख्ख्या बाजारातून ती चप्पल घालून फिरल्या. भाजी घेताना भाजीवाल्याला, मिरची घेताना मिरचीवाल्याला, पाय वर करून दाखवत होत्या. "दाबून बग. लोन्याहून मऊ हाय." माझ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी जाहिरात कुणी केली नाही. महिन्याभरात झरीत दहा-बारा जोड गेले. पोस्टमननं नेला, दोन मास्तरांनी नेले, आणि बायका एकमेकींना ती 'बाजारची मऊ चप्पल' म्हणायला लागल्या.

गयाबाईंचा जोड मी कविताताईंच्या हाती पाठवला. सोबत निरोप काहीच नाही. पुढच्या महिन्यात त्या तोच घालून दवाखान्यात आल्या.

मला इथे लिहायला आवडलं असतं की पाय वाचला. अर्धा वाचला. घाबरून घरात बसल्या त्या दिवसांत जखम हाडापर्यंत गेली होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ती दोन बोटं आणि छायाची मोडलेली सोयरीक, या दोन्ही गोष्टी माझ्यामुळे झाल्या. लोक म्हणतात, तुमचा हेतू चांगला होता. हेतू माझा होता, बोटं तिची गेली. मी अजूनही प्रार्थनेत आधी त्याची क्षमा मागतो आणि मग बाकीचं बोलतो.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण ही लपवाछपवी झाली ना? रोग बरा होतो, लाज कशाची, हे गावाला ठणकावून सांगायला पाहिजे." त्यांचं चुकत नव्हतं. मी ते सांगतोही, शाळांतून, ग्रामसभेतून, अजूनही. पण ठणकावायचं ते माझ्या तोंडानं. गयाबाईंच्या अंगणात उभं राहून, त्यांच्या मुलीच्या लग्नाची किंमत देऊन ठणकावायला मी कोण? पुढच्या नाताळात टोळी फक्त ख्रिस्ती घरांसमोर गेली आणि पेशंटांचे डबे कविताताईंच्या पिशवीतून पोहोचले.

तीन वर्षांनी छायाचं लग्न ठरलं, सेलू तालुक्यातल्या मुलाशी. या खेपेला मुलीला आणि मुलाला, दोघांनाही गयाबाईंनी स्वतः बसवून खरं काय ते सांगितलं होतं, असं मला नंतर कळलं. मुलगा म्हणाला होता, "बरं झालंय ना? मंग कशाची फिकीर?" तेवढ्यावर ते संपलं. गावात ते उघडपणे बोलायचं की नाही, हे त्यांनी आपल्यापाशी ठेवलं.

मला पत्रिका आली. मी आणि बायको गेलो. झरीत, घराजवळच मंडप. मंडपाबाहेर ही चपलांची रास. माझी नजर आधी तिथेच जाणार, सवय वाईट. त्या राशीत माझे तपकिरी जोड पाच-सहा तरी होते. एका कडेला गयाबाईंचा होता. मला ओळखू आला, कारण डाव्या चपलेत बोटांच्या जागी मी मऊ रबराची उशी भरली होती. वरून कुणालाच कळलं नसतं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणी झाली. गयाबाई मुलीच्या गळ्यात पडून रडल्या, वऱ्हाडाची जीप दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग डोळे पुसत चपलांशी आल्या आणि इकडे-तिकडे बघायला लागल्या.

"दादा, माझी चप्पल दिसंना."

तिथे एक तपकिरी जोड उरला होता, पण तो त्यांचा नव्हता, एक नंबर मोठा होता. मी रस्त्याकडे पाहिलं. द्रौपदाबाई सुनेचा हात धरून सावकाश घराकडे चालल्या होत्या. पायात गयाबाईंची चप्पल. डाव्या चपलेतली उशी त्यांच्या बोटांना दाबत असणार, पण त्यांच्या पायाला ते कळणार कसं?

मी हाक मारायला तोंड उघडलं. गयाबाईंनी माझी बाही धरली.

"जाऊ द्या."

"अहो, मापाची नाही ती त्यांच्या."

"जाऊ द्या की, दादा. घर जवळच हाय त्यांचं." मी बघितलं तर त्या हसत होत्या. "माझ्या घागरीला शिवत न्हवत्या बाया. अन् आज बगा. माझी चप्पल पायात घालून पाटलीन चाललीया."

द्रौपदाबाईंचं घर खरंच पन्नास पावलांवर होतं. तेवढ्यात जखम होत नाही, एवढं मला कळतं. सकाळी चपलांना टाके घालायचे आहेत असं सांगून दोघींचे जोड बदलून घेऊ, असं मी ठरवलं आणि तोंड मिटलं.

गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, पाटलीणबाईंच्या चपलेत पाय घातले, मागचे पट्टे नीट ओढून घेतले आणि मंडपातल्या सगळ्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत, घराकडे चालत गेल्या.